नायसिनची लाली, दोन बाटल्या आणि चढलेलं एसजीपीटी : एक प्रकरण अभ्यास

सोलापुरातले ५४ वर्षांचे एक गृहस्थ. वजन ७४ किलो, दुकानात बसून हिशेबाचं काम. तंबाखू नाही, दारू नाही. रक्तदाबासाठी रोज सकाळी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. वार्षिक तपासणीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड २१०, उपाशीपोटी साखर १०४, युरिक ॲसिड ६.४ आणि यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी ३१ आलं. एचडीएलच्या आकड्यासमोर लाल खूण होती आणि घरात सगळ्यांचं लक्ष त्या खुणेवरच गेलं. खरं तर काळजी करायची ती १४८ या आकड्याची होती, पण ‘चांगलं कोलेस्टेरॉल कमी’ हे वाक्य माणसाच्या मनात चटकन घर करतं. ते वाढावं म्हणून अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भाच्याने नायसिनची, म्हणजे बी-थ्री जीवनसत्त्वाची, बाटली आणून दिली. एक गोळी ५०० मिलिग्रॅमची. पुढच्या काही महिन्यांत जे घडलं ते इथे क्रमाने मांडलं आहे.

हे कुणा एका व्यक्तीचं टिपण नाही. नायसिन स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांच्या बाबतीत ज्या चुका पुन्हापुन्हा होतात, त्या एकत्र करून अभ्यासासाठी हे प्रकरण रचलं आहे. रुग्णाचे आकडे त्याला साजेसे घेतले आहेत. औषधाची आणि संशोधनाची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

पहिली गोळी

रविवारी सकाळी साडेसात वाजता रिकाम्या पोटी ॲम्लोडिपिन आणि नायसिनची गोळी एकत्र घेतली. वर कपभर कढत चहा, आणि चहा झाल्यावर आंघोळीला. गोळी घेऊन वीस मिनिटं होतात न होतात तोच कान तापले. मग चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग लालबुंद झाला. मिरचीचा हात लागावा तशी आग, टोचल्यासारखी खाज आणि डोक्यात ठणका. गरम पाण्याचे दोन तांबे अंगावर घेतल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते न्हाणीघरातच भिंतीला टेकून खाली बसले.

पत्नीने पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, पित्त उठलंय तुमच्या अंगावर.” आमसुलाचं पाणी अंगाला लावलं, घरातली सेट्रिझिनची, म्हणजे ॲलर्जीवरची, गोळी दिली. नऊच्या सुमारास सगळं ओसरलं. घरच्यांनी निष्कर्ष काढला की गोळीची ॲलर्जी आहे आणि ती सेट्रिझिनने आटोक्यात येते. दुसऱ्या दिवशी आधी सेट्रिझिन आणि मग नायसिन घेतलं. लाली तितकीच आली, तितकाच वेळ टिकली. मग पाच दिवस गोळी बंद.

या पहिल्या दोन दिवसांत किमान चार चुका आहेत, आणि त्या वेगवेगळ्या केल्याशिवाय पुढचं कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्रेची. निरोगी पुरुषाला दिवसाला नायसिन किती लागतं? अमेरिकी शिफारस १६ मिलिग्रॅम, स्त्रीला १४, गरोदरपणी १८, अंगावर पाजताना १७. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस बैठं काम करणाऱ्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला ११ मिलिग्रॅम अशी आहे. अंगमेहनत वाढेल तशी ती वाढते. म्हणजे एका गोळीत महिनाभराहून जास्त दिवसांची गरज होती. बाटलीवर ते लिहिलेलंही होतं, ‘दैनंदिन गरजेच्या ३१२५ टक्के’. हा आकडा दिसला की आपण जीवनसत्त्व घेत नसून औषध घेत आहोत, असं समजायला हवं. नायसिन पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, ‘जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल’ ही समजूत याच्या बाबतीत चालत नाही. निघून जाण्याआधी ते त्वचेतून आणि यकृतातून जातं, आणि जाताना आपलं काम करून जातं.

दुसरी चूक नावाची. ‘नायसिन’ या एकाच शब्दाखाली दोन पदार्थ विकले जातात, निकोटिनिक ॲसिड आणि निकोटिनामाइड, ज्याला नायसिनामाइड असंही म्हणतात. जीवनसत्त्व म्हणून दोन्ही सारखेच उपयोगी. पण लाली फक्त पहिल्याने येते, आणि मोठ्या मात्रेत कोलेस्टेरॉलवर परिणामही पहिल्याचाच होतो. आपल्याकडच्या कितीतरी बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम नायसिनामाइड असतं आणि तोंड आलं की लोक ती सर्रास घेतात. कुणाचाही चेहरा लाल होत नाही. तेच १०० मिलिग्रॅम निकोटिनिक ॲसिड रिकाम्या पोटी घेतलं तर बहुतेकांचा होईल. या गृहस्थांनी यापूर्वी बी-कॉम्प्लेक्स अनेकदा घेतली होती, म्हणूनच ‘बी-थ्री तर मला नेहमीच चालतं’ असा त्यांचा भरवसा होता. बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘निकोटिनिक ॲसिड’ असं लिहिलेलं होतं. तेवढी एक ओळ वाचली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

निकोटिनिक ॲसिड या नावात ‘निकोटीन’ दिसतं म्हणून कुणी बिचकू नये. निकोटीनचं ऑक्सिडीकरण करून ते पहिल्यांदा तयार केलं गेलं, एवढाच संबंध. पावात हे जीवनसत्त्व घालायची वेळ आली तेव्हा लोकांना तंबाखूची आठवण होऊ नये, म्हणून अमेरिकेत ‘नायसिन’ हे नवं नाव रुजवलं गेलं.

लाली येते कशाने

त्वचेतल्या लँगरहान्स पेशींवर आणि केराटिनोसाइट पेशींवर एक ग्राही, म्हणजे ठरावीक पदार्थ पकडणारा रेणू, असतो : जीपीआर१०९ए. निकोटिनिक ॲसिड त्याला चिकटलं की पेशीत ॲराकिडोनिक ॲसिड सुटतं, आणि कॉक्स हे विकर (एन्झाइम) त्यापासून प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि ई-२ तयार करतं. ही द्रव्यं त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त त्वचेकडे धावतं, त्वचा लाल आणि गरम होते. निकोटिनामाइड या ग्राहीला जवळपास चिकटतच नाही, म्हणून त्याने लाली नाही.

या साखळीत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत गांध्या उठवणारं द्रव्य, मुख्य पात्र नाही. सेट्रिझिन अडवतं ते हिस्टामिनला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आधी घेऊनही तिचा उपयोग झाला नाही, आणि पहिल्या दिवशी झाला असं वाटलं ते लाली आपोआप ओसरण्याची वेळ आणि गोळीचा अंमल सुरू होण्याची वेळ जुळली म्हणून. साध्या, लगेच विरघळणाऱ्या गोळीने लाली पंधरा ते तीस मिनिटांत सुरू होते आणि साधारण तास-दीड तासात उतरते. मधल्या वेळात जो उपाय कराल त्याला श्रेय मिळतं, आमसुलालासुद्धा.

ॲस्पिरिन मात्र कॉक्सलाच अडवतं. म्हणून गोळीच्या अर्धा तास आधी घेतलेलं ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन लाली बरीच कमी करतं. पण फक्त लालीसाठी रोज ॲस्पिरिन घेणं ही जठराशी केलेली वाईट देवघेव आहे. जठरव्रण असलेल्याने, रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्याने, ॲस्पिरिनने दमा उठणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

उरलेल्या दोन चुका आता उलगडतात. एक, रिकामं पोट. जेवणाबरोबर गोळी घेतली की निकोटिनिक ॲसिड हळूहळू शोषलं जातं. रिकाम्या पोटी ते रक्तात एकदम चढतं, आणि लालीचा जोर चढण्याच्या वेगावर बराच अवलंबून असतो. दोन, रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या इतर गोष्टी त्याच अर्ध्या तासात एकावर एक रचणं : कढत चहा, गरम पाण्याची आंघोळ आणि ॲम्लोडिपिन. अंधारी आली ती या बेरजेमुळे. मद्य आणि झणझणीत जेवण हेही याच यादीत येतं. हृदयदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यात तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

लाली आणि खरी ॲलर्जी यांतला फरक घरातल्या कुणालाही ओळखता यायला हवा. लालीत त्वचा सपाट लाल होते, चेहरा-मान-छातीवर एकसारखी पसरते आणि गरम लागते. पित्तात उंचवटे असलेल्या गांध्या उठतात, त्या जागा बदलतात. लालीत बसून राहावं किंवा पाय किंचित उंच करून आडवं व्हावं, साधं पाणी प्यावं, चेहऱ्यावर आणि मानेवर गार ओला पंचा ठेवावा, दोन तास गरम आंघोळ करू नये. ओठ किंवा जीभ सुजली, श्वासात शिट्टी ऐकू आली, घसा आवळल्यासारखा वाटला, उलट्या थांबेनात, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर लाली म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

मात्रा किती झाली की लाली येते, याचं एक उत्तर प्रयोगशाळेबाहेरच मिळालेलं आहे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधली एक घटना नोंदवली. एका सामूहिक न्याहारीला आलेल्या ६९ जणांपैकी १४ जणांना राय या धान्याचे काळसर, कड्यासारखे बेगल पाव खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास खाज, पुरळ आणि अंगात उष्णता अशी लक्षणं आली. तपासात एका पावात सरासरी १९० मिलिग्रॅम नायसिन सापडलं, नेहमीच्या साठपट. पिठात घालायच्या पदार्थाच्या डब्यावरची चिठ्ठी चुकीची होती, एवढंच कारण. संवेदनशील माणसात ३० ते ५० मिलिग्रॅम निकोटिनिक ॲसिडही पुरतं. अमेरिकेने पूरक गोळ्या आणि पोषणयुक्त केलेल्या अन्नातून घ्यायच्या नायसिनची वरची मर्यादा ३५ मिलिग्रॅम ठरवली ती लाली डोळ्यांसमोर ठेवूनच : ५० मिलिग्रॅमला लाली दिसते, त्याला दीडने भागून आलेला ३३ हा आकडा ३५ केला. युरोपने याहून नेमकं काम केलं. निकोटिनिक ॲसिडला १० मिलिग्रॅम आणि निकोटिनामाइडला ९०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या मर्यादा घातल्या. एकाच नावाखालच्या दोन पदार्थांना एकच मर्यादा लावण्यापेक्षा हेच बरोबर आहे, असं आमचं मत आहे. गोळ्या आणि पावडरी सोडून नुसत्या नेहमीच्या जेवणातून लाली येईल इतकं नायसिन पोटात जात नाही.

दुसरी बाटली

भाच्याला फोन गेला. त्याने दुसरी बाटली पाठवली. तीही ५०० मिलिग्रॅमचीच, पण वर ‘सस्टेन्ड रिलीज’ म्हणजे हळूहळू सुटणारी. पहिल्या दिवशी कान किंचित गरम झाले, बाकी काही नाही. चार दिवसांनी दोन गोळ्या, दहाव्या दिवसापासून चार. दिवसाला २००० मिलिग्रॅम. लाली नाही म्हणजे आता शरीराला मानवलं, असा हिशेब त्यांनी केला, आणि या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक समजूत हीच आहे.

यकृत निकोटिनिक ॲसिड दोन वाटांनी हाताळतं. एका वाटेवर त्याला ग्लायसिन जोडलं जाऊन निकोटिन्युरिक ॲसिड होतं. ही वाट रुंद आहे, पुष्कळ माल एकदम पेलते, पण माल बराच साचल्यावरच मुख्यतः चालू लागते. साधी गोळी एकदम रक्तात येते तेव्हा बराच भाग या वाटेने जातो, आणि लालीही जोरात येते. दुसऱ्या वाटेवर त्याचं निकोटिनामाइड आणि पुढे इतर चयापचयी पदार्थ होतात. ही वाट अरुंद; थोडं थोडं येणारं औषध आधी हीच उचलते. बारा तास आणि त्याहून जास्त वेळ झिरपत राहणारी गोळी सगळा वेळ या अरुंद वाटेवर गर्दी करते. यकृताला होणारी इजा या वाटेशी जोडली जाते. म्हणजे लाली टाळण्यासाठी सुटण्याचा वेग कमी केला की त्वचेवरचा त्रास यकृताकडे सरकतो.

ही नुसती कल्पना नाही. १९९४ साली साध्या आणि सस्टेन्ड रिलीज नायसिनची थेट तुलना प्रसिद्ध झाली. प्रत्येक गटात २३ जण, मात्रा ५०० पासून टप्प्याटप्प्याने ३००० मिलिग्रॅमपर्यंत. सस्टेन्ड रिलीज घेणाऱ्या २३ पैकी १२ जणांत यकृताला विषबाधा झाल्याची लक्षणं किंवा आकडे दिसले. साध्या नायसिनच्या गटात एकालाही नाही. म्हणूनच ‘साध्या नायसिनने लाली येते म्हणून तितक्याच मिलिग्रॅमची हळू सुटणारी गोळी घ्या’ हा सल्ला घातक आहे. मिलिग्रॅम सारखे असले तरी ही अदलाबदल सारखी नसते.

दुकानात आणि ऑनलाइन यादीत या बाटल्या शेजारीशेजारी असतात, त्यामुळे चारही प्रकार एकदा नीट ओळखून घ्यावेत. लगेच विरघळणारं निकोटिनिक ॲसिड : लाली हमखास, कोलेस्टेरॉलवर परिणाम आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं एक्स्टेन्डेड रिलीज : आठ ते बारा तासांत सुटतं, लाली कमी, यकृताचा धोका सस्टेन्ड रिलीजपेक्षा कमी, तरी तपासण्या सक्तीच्या. सस्टेन्ड रिलीज : लाली सगळ्यात कमी, यकृताचा धोका सगळ्यात जास्त, आणि पूरक आहार म्हणून बिनचिठ्ठीचं मिळतं. ‘फ्लश-फ्री’ किंवा ‘नो-फ्लश’ लिहिलेल्या बाटलीत बहुतेकदा इनॉसिटॉल हेक्सानिकोटिनेट असतं : लाली नाही, कारण त्यातून मोकळं निकोटिनिक ॲसिड फारच थोडं सुटतं, आणि त्याच कारणाने कोलेस्टेरॉलवरही परिणाम नाही. या शेवटच्या बाटलीसाठी लोक सगळ्यात जास्त पैसे देतात, याचं वाईट वाटतं.

सातवा आठवडा

जेवण नकोसं झालं. सकाळी मळमळ, दिवसभर गळाठा. लघवी गडद होऊ लागली तशी पत्नीने कावीळ म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत’ असं विचारलं तेव्हा उत्तर फक्त ॲम्लोडिपिन असं मिळालं. जीवनसत्त्वाची गोळी औषधात कुणी धरलीच नव्हती. एसजीपीटी २८६, यकृताचंच दुसरं माप एसजीओटी २१४, बिलिरुबिन १.६ आल्यावर प्रश्न बदलला : “औषध राहू द्या, दिवसभरात तोंडात काय काय टाकता ते सांगा. चूर्ण, काढा, पावडर, परदेशातून आलेली गोळी, सगळं.” तेव्हा बाटली पिशवीतून बाहेर आली.

हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई च्या चाचण्या नकारात्मक, सोनोग्राफीत सौम्य चरबी, पित्तनलिका मोकळी. उपाशीपोटी साखर १०४ वरून १३१ वर गेली होती, युरिक ॲसिड ६.४ वरून ८.३ वर. नायसिन मोठ्या मात्रेत या दोन्ही गोष्टी करतं : इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो आणि मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणं घटतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्याला आणि अंगठ्याच्या सांध्यात पूर्वी गाऊट (युरिक ॲसिडने सांधा सुजणं) झालेल्याला म्हणून हे औषध दुप्पट विचार करून द्यावं लागतं.

दोन आकडे मात्र सुधारले होते. एचडीएल ३४ वरून ४१, ट्रायग्लिसराइड २१० वरून १५२. गृहस्थांचा प्रश्न स्वाभाविक होता : फायदा दिसतोय तर मात्रा अर्धी करून चालू ठेवू का?

याचं उत्तर मोठ्या चाचण्यांत आहे, म्हणून इथे थोडं थांबू. निकोटिनिक ॲसिड कोलेस्टेरॉल उतरवतं हे १९५५ मध्ये कॅनडात दिसलं. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये दिवसाला ३ ग्रॅम घेणाऱ्यांत जीव न घेणारे हृदयविकाराचे झटके कमी झाले, आणि पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यूही कमी दिसले. पण ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी आजची मुख्य औषधं, येण्याआधीचे दिवस. स्टॅटिन चालू असताना वर नायसिन दिलं तर काय होतं, हे पाहणाऱ्या दोन चाचण्या निराश करून गेल्या. ३४१४ रुग्णांची एम-हाय चाचणी २०११ मध्ये फायदा दिसेना म्हणून मुदतीआधीच थांबवली. ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि चीनमधल्या २५,६७३ जणांवर झालेल्या एचपीएस-२ थ्राइव्हचे निकाल २०१४ मध्ये आले : एचडीएल वाढलं, झटके आणि पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत. उलट नवा मधुमेह, आधीचा मधुमेह बिघडणं, पोटाचे, स्नायूंचे आणि त्वचेचे त्रास, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढले. या चाचणीत लाली अडवण्यासाठी लॅरोपिप्रँट हे प्रोस्टाग्लँडिन डी-२ चा ग्राही बंद करणारं औषध जोडलं होतं. ते जोडऔषध युरोपात २०१३ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्टॅटिनबरोबर नायसिन देण्याच्या शिफारशी मागे घेतल्या.

एचडीएलचा आकडा वाढवला म्हणजे हृदय वाचलं असं नाही. म्हणून मात्रा अर्धी करण्याचा प्रश्नच उरला नाही. नायसिन त्याच दिवशी पूर्ण बंद केलं. ते टप्प्याटप्प्याने उतरवावं लागत नाही. पॅरासिटामॉल आणि इतर अनावश्यक गोळ्या बंद, आठवड्याने पुन्हा तपासणी. एसजीपीटी पहिल्या आठवड्यात १५८, तिसऱ्यात ६७, सहाव्यात ३८.

मग नायसिन हवं किती, आणि मिळतं का?

गृहस्थांची शेवटची शंका रास्त होती. ज्वारी खाणाऱ्यांत नायसिन कमी पडतं असं त्यांनी ऐकलं होतं, आणि घरात तर दोन्ही वेळा भाकरी. ही ऐकीव गोष्ट पोकळ नाही. नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा म्हणजे ऊन लागणाऱ्या जागी काळवंडून सोलवटणारी त्वचा, जुलाब आणि मनाचा गोंधळ. हा रोग जगभर मक्याशी जोडला गेला, पण दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसला. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीत जास्त असलेल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. ल्युसिनचा वाटा नेमका किती यावर पुढे वाद झाला. पण ते रुग्ण जवळजवळ फक्त ज्वारी खात होते, सोबत डाळ-दूध नाही, हे विसरायचं नाही.

या घरातला एका दिवसाचा हिशेब असा. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन बनवतं. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम. मिश्र आहारातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन सुमारे एक टक्का धरता येतो. २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून २० ग्रॅम प्रथिनं, ५० ग्रॅम तूरडाळीतून ११, सोलापुरी शेंगाचटणीतल्या ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, दूध आणि दही मिळून ४०० मिलिलिटरमधून १३, भाजीपाल्यातून ४. एकूण ५५ ग्रॅम, म्हणजे ५५० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन, म्हणजे ९ मिलिग्रॅम नायसिन. तयार नायसिन : शेंगदाण्यातून साडेतीन, डाळीतून दीड, भाज्यांतून एक, आणि ज्वारीतून कागदावर चार-पाच, पण त्यातलं काही धान्यात बांधलेलं असतं म्हणून दोनच धरू. बेरीज १७. ज्वारीला कंजूषपणे मोजूनही गरज भागते. शेंगाची चटणी इथे केवढं काम करते पाहा : वजनाने ताटातला सगळ्यात छोटा पदार्थ, पण तयार नायसिनचा सगळ्यात मोठा वाटा तिचाच. ट्रिप्टोफॅनचं रूपांतर होताना बी-६, बी-२ आणि लोह लागतं, त्यामुळे हिमोग्लोबिन फार खाली असलेल्यात हा हिशेब थोडा सैल धरावा.

नायसिन खरोखर कमी पडतं ते वेगळ्याच माणसांत : दारूवर जगणाऱ्यांत, जुनाट जुलाबात, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, आणि क्षयरोगासाठी आयसोनायझिड चालू असलेल्या कुपोषित रुग्णात, कारण ते औषध बी-६ अडवतं आणि त्यामुळे ट्रिप्टोफॅनपासून नायसिन होणं थंडावतं. अशा वेळी निकोटिनामाइडच देतात, निकोटिनिक ॲसिड नाही. पेलाग्राच्या उपचारात दिवसाला ३०० मिलिग्रॅम विभागून, तीन ते चार आठवडे, सोबत बी गटातली इतर जीवनसत्त्वं आणि प्रथिनं. लाली येत नाही, म्हणून रुग्ण गोळी सोडत नाही. निकोटिनामाइडलाही हद्द आहेच. दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास त्यानेही मळमळ आणि यकृताचा त्रास होऊ शकतो.

विशेषतज्ज्ञाने क्वचित कुणाला निकोटिनिक ॲसिड दिलंच, समजा स्टॅटिन अजिबात न चालणाऱ्या रुग्णाला, तर लाली कमी ठेवण्याची पद्धत ठरलेली आहे. एक्स्टेन्डेड रिलीज ५०० मिलिग्रॅमने सुरुवात, रात्री झोपताना, थोड्या कमी तेलाच्या खाण्यावर. दोन घास भाकरी आणि दही चालतं. चार आठवडे तेवढंच. मग १००० मिलिग्रॅम. चार आठवड्यांत ५०० हून जास्त वाढवायचं नाही, २००० च्या वर जायचं नाही. गोळी मोडायची, चावायची, कुटायची नाही. मोडली की आठ-बारा तासांचं औषध एकदम सुटतं. गोळीच्या आसपास गरम पेय, मद्य, तिखट जेवण नको. रात्री लाली येऊन जाग आली तर झटकन उठून न्हाणीघराकडे जायचं नाही, आधी पलंगाच्या कडेला बसायचं. नियमित घेतल्यास आठवडा-दोन आठवड्यांत लाली बरीच मंदावते. पण मध्ये काही दिवस खंड पडला तर ही सवय मोडते, आणि जुन्याच मात्रेवर पुन्हा सुरू करणाऱ्याला पहिल्या दिवसापेक्षा जोरात लाली येऊ शकते. खंड मोठा असेल तर पुन्हा ५०० पासून. सुरुवातीला एसजीपीटी, साखर आणि युरिक ॲसिड, पहिल्या वर्षी यकृताची तपासणी दर सहा ते बारा आठवड्यांनी, आणि एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं की औषध बंद.

या गृहस्थांना त्यातलं काहीच लागलं नाही. नायसिन बंद केल्यापासून आठव्या आठवड्यात एसजीपीटी स्थिर असल्याची खात्री करून डॉक्टरांनी एलडीएलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू केलं, रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं, संध्याकाळची शेव आणि साखरेचा तिसरा चहा थांबवला. तीन महिन्यांनी एलडीएल ९६, ट्रायग्लिसराइड १६०, उपाशीपोटी साखर १०२. एचडीएल ३६. रिपोर्टवर त्या आकड्यासमोर अजूनही लाल खूण येते, आणि डॉक्टरांनी तिच्यासाठी कोणतीही गोळी लिहिली नाही.